स्वस्त पेल्याची हकिकत

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काही मंडळींच्या भुवया वर जातील. खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांसमोर आणि गुरुजींसमोर वाइनचे काय काम, असे कुणी विचारील. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी कुणाला वाइन प्यायला सांगायला आलेलो नाही. जो घेत नाही त्याने घेऊ नये, त्यात त्याचे काही अडलेले नाही. पण मुलखाचा इतिहास जसा किल्ल्यात सापडतो, ताम्रपटात सापडतो, तसा तो कधीकधी एका पेल्यातही सापडतो. आणि हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही. तो शेतकऱ्याचा आहे, पिकाचा आहे, भावाचा आहे. म्हणून तो आपल्या कानांवर घालावा असे वाटले.

काही वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समध्ये नार्बोन नावाच्या गावी जाण्याचा योग आला. भूमध्य समुद्राच्या काठचा हा मुलूख, नाव लांगदॉक. नावाची गंमत पाहा. इथल्या जुन्या भाषेत 'होय' म्हणायला 'ऑक' म्हणत. म्हणून ही 'ऑक'वाल्यांची भाषा, आणि त्यावरून मुलखाचे नाव लांगदॉक. उत्तरेकडचे लोक 'होय'ला वेगळा शब्द वापरीत. म्हणजे आपण होकार कसा देतो यावरून एका प्रांताचे नाव पडले!

ज्यांच्या घरी उतरलो होतो ते यजमान स्वतः द्राक्षबागायतदार. संध्याकाळी त्यांनी पाव, ऑलिव्ह आणि मेंढीच्या दुधाचे चीज मांडले आणि शेजारच्याच कॉर्बिएर नावाच्या टेकड्यांवरच्या लाल वाइनची बाटली उघडली. मी पेला उचलून तोंडाला लावणार, तोच त्यांनी हात धरला. "आधी पाहा, मग वास घ्या, मग चाखा," असे म्हणून त्यांनी मला रीत शिकवली. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरायचा आणि कडेचा रंग पाहायचा. कड जांभळी असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर जुनी. मग पेला हळूच गोल फिरवायचा, म्हणजे वास मोकळा होतो. मग लहानसा घोट घ्यायचा आणि तो लगेच न गिळता जिभेवर घोळवायचा.

तशी ती चाखली. पहिल्यांदा लागले ते पिकलेल्या करवंदासारखे आणि जांभळासारखे काहीतरी. मागून मिरीचा बारीक झणका आला. मग रानातल्या वाळल्या पाल्याचा वास. त्या टेकड्यांवर रोझमेरी आणि थाईमची सुवासिक झुडपे उन्हात तापत असतात, त्यांची आठवण तिथले लोक या वासाने काढतात. आणि शेवटी जिभेवर आणि हिरड्यांवर तुरटपणा राहिला, जांभूळ खाल्ल्यावर राहतो तसाच. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून आणि बीतून उतरतो. लाल वाइन करताना रस साल-बियांसकट आंबवतात, म्हणून रंगही येतो आणि तुरटपणाही. पांढऱ्या वाइनमध्ये साल आधीच काढून टाकतात.

मी भाव विचारला. बोर्दोच्या एका नामवंत बाटलीच्या पैशांत अशा कित्येक बाटल्या आल्या असत्या. मी साहजिकच विचारले, "एवढी चांगली, मग एवढी स्वस्त का?" यजमान हसले. म्हणाले, "चांगली का, ते मी सांगतो. स्वस्त का, ते आमच्या आज्यापणज्यांना विचारायला हवे."

तर आता आपण त्या आज्यापणज्यांकडेच जाऊ.

नार्बोन ही फ्रान्सच्या भूमीवरची रोमन लोकांची पहिली वसाहत. इ. स. पूर्व ११८ साली ती वसली. तेव्हापासून इथे द्राक्षे आहेत. माल इतका होऊ लागला की इ. स. ९२ मध्ये डोमिशियन नावाच्या रोमन बादशहाने हुकूम काढला, प्रांतांतल्या निम्म्या द्राक्षबागा उपटून टाका. हा हुकूम फारसा पाळला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण 'द्राक्षे उपटा' हे सरकारी वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पुढे सतराव्या शतकात प्येर-पॉल रिके नावाच्या गृहस्थाने एक अचाट काम केले. हा मिठावरचा कर वसूल करणारा माणूस. त्याने तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा कालवा खणवला. काम १६६६ मध्ये मंजूर झाले आणि १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. बिचारा रिके आदल्याच वर्षी वारला होता. आता या कालव्याने आणि पुढे नदीने लांगदॉकची वाइन बोर्दो बंदरात आणि तिथून जगात जायला हवी होती. पण बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी जुन्या सनदा पुढे केल्या. आतल्या मुलखाच्या वाइनला हंगामाचे पहिले महिने बंदरात मज्जाव होता. आधी बोर्दोचा माल जहाजांवर चढे आणि गिऱ्हाईक आपली खरेदी आटोपून निघून जाई. ही सनद १७७६ मध्ये रद्द झाली, पण तोवर नाव बोर्दोचे झाले होते. बाजारात पहिला पोहोचतो त्याचे नाव होते, हे भाजीवाल्याला सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आगगाडी आली आणि सगळे पालटले. उत्तरेकडच्या कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या मजुरांना रोजच्या जेवणाबरोबर स्वस्त वाइन हवी होती. लांगदॉकने ती पुरवायला सुरुवात केली. लोकांनी धान्याची शेते मोडली आणि द्राक्षे लावली. बेझिये आणि नार्बोनमध्ये बागायतदारांचे वाडे उठले. मुलूख एका पिकावर उभा राहिला. एका पिकावर उभे राहणे म्हणजे एका पायावर उभे राहणे!

आणि त्या पायालाच कीड लागली. खरोखरीची कीड, बरं का. १८६३ च्या सुमारास ऱ्होन नदीकाठच्या बागांत वेली सुकू लागल्या. वेल उपटून पाहावी तर रोगाचे कारण दिसेना, कारण मेलेल्या वेलीवरून कीड आधीच निघून गेलेली असे. १८६८ च्या जुलैत मॉन्पेलिए शहरातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक प्लांशों आणि त्यांचे दोन सहकारी यांनी मेलेल्या नव्हे, तर शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या वेली उपटून पाहिल्या. मुळांवर भिंगाखाली बारीक पिवळे मावे दिसले. हाच फिलोक्सेरा. तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला होता. शिक्षकमंडळींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. रोग शोधायचा तर मेलेल्याकडे पाहून भागत नाही, अजून उभे आहे त्याच्या मुळाशी पाहावे लागते.

उपाय नाना झाले. कुणी हिवाळ्यात बागेत पाणी तुंबवून ठेवले, कुणी जमिनीत विषारी औषध टोचले, कुणी समुद्रकाठच्या वाळूत वेली लावल्या, कारण वाळूत हा मावा जगत नाही. सरकारने १८७४ मध्ये तीन लाख फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८७५ साली फ्रान्समध्ये आठ कोटी हेक्टोलिटरहून जास्त वाइन झाली होती. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. १८८९ मध्ये हा आकडा अडीच कोटींच्याही खाली आला.

शेवटी उतारा सापडला तो रोग जिथून आला तिथेच. अमेरिकेतल्या जंगली वेली या माव्याबरोबर हजारो वर्षे राहिल्या होत्या, त्यांची मुळे त्याला दाद देत नव्हती. मग खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा, असे कलम करायचे ठरले. टेक्सासमधले मन्सन नावाचे संशोधक या कामी फार उपयोगी पडले, आणि फ्रेंच सरकारने १८८८ मध्ये त्यांचा सन्मान केला. इथे आपला संबंध येतो तो ऐका. नाशिक, सांगली, सोलापूरकडचे बागायतदार आज खारवट जमिनीत आणि कमी पाण्यात तग धरावा म्हणून ज्या डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम करतात, तो खुंटही मन्सन यांनीच टेक्सासच्या रानवेलींतून निवडलेला. लांगदॉकच्या शेतकऱ्याने रडत रडत जे शिकले, ते आपल्या शिवारात असे पोहोचले आहे.

पण कलमाला पैसा लागतो. टेकडीवरच्या लहान शेतकऱ्याला तो परवडेना. मग टेकडीवरच्या बागा ओसाड पडल्या आणि खालच्या सपाट, ओल्या जमिनीत नव्या बागा झाल्या. तिथे लावली आरामों नावाची जात. ती हेक्टरी दोनशे हेक्टोलिटरपर्यंतही रस देई, पण वाइन फिकी आणि पाणचट. तिला रंग यावा म्हणून अल्जीरियाची काळसर वाइन मिसळत. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता, आणि फिलोक्सेराच्या काळात तिथे बागांवर बागा झाल्या होत्या. शिवाय दुष्काळात व्यापाऱ्यांनी दुसरीच विद्या शिकून घेतली होती. मनुका भिजवून, किंवा चोथ्यावर साखर आणि पाणी घालून पुन्हा आंबवून ते वाइन बनवीत. १९०३ मध्ये साखरेवरचा कर उतरला आणि हा धंदा आणखी सोपा झाला. उत्तरेत बीटाची साखर करणारे कारखानदार मोठे वजनदार लोक होते. म्हणजे साखर खपावी म्हणून द्राक्ष मेले तरी चालेल, असा तो मामला!

बागा परत उभ्या राहिल्या, पीक परत आले, आणि भाव मात्र कोसळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी वेळ आली की पिंपे भरलेली आहेत आणि विकली तर लागवडीचा खर्चही निघत नाही. जुनी वाइन तशीच पडून, नवी ठेवायला जागा नाही, म्हणून चांगली वाइन गटारात ओतल्याच्या हकिकती आहेत. मजूर उपाशी, दुकानदार उधारीने बुडालेला, सावकार दारात.

आणि मग १९०७ साल उगवले.

आर्जेलिए नावाच्या लहानशा गावात मार्सेलँ आल्बेर नावाचा माणूस होता. थोडी द्राक्षे, एक कॉफीचे दुकान, आणि बोलण्याची हौस. गावात लोक त्याला थोडा वेडसरच समजत, कारण कित्येक वर्षे तो एकच गोष्ट सांगत होता, खऱ्या वाइनला खोटी वाइन मारते आहे. ११ मार्च १९०७ रोजी पार्लमेंटची चौकशी समिती नार्बोनला आली. आल्बेर ८७ गावकऱ्यांना घेऊन, पुढे वाजंत्री लावून, पायी नार्बोनला गेला आणि समितीसमोर आपले म्हणणे मांडून आला. लोक हसले. पण पुढच्या रविवारांपासून गावोगाव सभा सुरू झाल्या. आधी शेकड्यांनी लोक आले, मग हजारांनी. ५ मे रोजी नार्बोनला ऐंशी हजारांच्या आसपास. मग बेझिये, पेर्पिन्यां, कार्कासोन, नीम, दर रविवारी एक शहर आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी गर्दी. ९ जूनला मॉन्पेलिएमध्ये जी सभा झाली, तिला पाच लाखांच्या वर माणूस जमला असा अंदाज आहे. ध्वनिक्षेपक नव्हता, मोटारी नव्हत्या. लोक आगगाडीने, बैलगाडीने, पायी आले. कोठारात वाइन आहे आणि घरात पाव नाही, अशा अर्थाचे फलक त्यांच्या हातांत होते. त्या रात्री तिथल्या बिशपांनी चर्चची दारे उघडून लोकांना निजायला जागा दिली. त्या गर्दीत जमीनदार होता आणि त्याचा मजूरही होता, धर्म मानणारा होता आणि न मानणाराही होता. एरवी ही माणसे एका बाकावर बसत नसत.

नार्बोनचे नगराध्यक्ष डॉक्टर फेरूल यांनी राजीनामा दिला. पाठोपाठ शेकडो गावांच्या पंचायतींनी कारभार सोडला. कर भरायचा नाही असे ठरले. पॅरिसमध्ये पंतप्रधान होते क्लेमांसो. त्यांना आधी वाटले होते, दक्षिणेकडची मंडळी बोलघेवडी आहेत, एका मेजवानीत शांत होतील. शांत होईनात, तेव्हा फौज पाठवली. १९ जूनला फेरूलना पकडले. नार्बोनमध्ये दगड उडाले आणि गोळ्या सुटल्या. १९ आणि २० जून या दोन दिवसांत सहा माणसे मेली. त्यांत एक वीस वर्षांची मुलगी होती, ती त्या दिवशी नार्बोनला बाजारासाठी आली होती.

ही बातमी आग्द गावी पोहोचली. तिथे सतरावी पलटण होती. तिच्यातले शिपाई बेझियेच्या आसपासच्या खेड्यांतलेच, द्राक्षवाल्यांचीच पोरे. आपल्या माणसांवर गोळी चालली हे ऐकून सुमारे पाचशे जणांनी दारूगोळ्याचे कोठार फोडले आणि रातोरात वीसेक किलोमीटर चालत ते बेझियेला आले. बंदुकीचे दस्ते वर करून, म्हणजे 'आम्ही गोळी घालणार नाही' अशी खूण करून, ते शहरात शिरले. ज्या रस्त्यावर त्यांनी मुक्काम ठोकला त्याला कालवेवाल्या रिकेचेच नाव आहे. गावकऱ्यांनी त्यांना पाव आणला, वाइन आणली. एकेकट्यावर कारवाई होणार नाही असे आश्वासन मिळाल्यावर त्याच दिवशी शिपाई परत फिरले. मग सबंध तुकडीला ट्युनिशियाच्या वाळवंटाकडे गाफ्सा इथे धाडण्यात आले.

आता आल्बेरचे काय झाले ते सांगतो. या साऱ्या कथेत मला सगळ्यांत जास्त चटका लावणारा भाग तोच आहे. पोलीस त्याच्या शोधात होते. तो लपून पॅरिसला गेला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोंच्या दारात उभा राहिला. क्लेमांसो मुरब्बी. त्यांनी त्याला समजावले, हिंसा थांबव, परत जा. आल्बेरला रडू आले. परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून क्लेमांसोंनी शंभर फ्रँकची नोट दिली आणि त्याने ती घेतली. मग क्लेमांसोंनी ही नोटेची गोष्ट वर्तमानपत्रवाल्यांना सांगितली. झाले! ज्या माणसाला लोकांनी खांद्यावर घेतले होते, तो एका नोटेने विकला गेला असे लोक म्हणू लागले. पुढे तो काही काळ अल्जीरियात राहिला आणि १९२१ मध्ये आपल्या गावी गरिबीत मेला. माणूस भोळा होता, लाचखाऊ नव्हता. पण भोळेपणाचीही किंमत द्यावी लागते, आणि ती कधीकधी लाचेपेक्षा जबर असते.

चळवळ मात्र वाया गेली नाही. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. प्रत्येक बागायतदाराने किती पीक आले आणि किती साठा आहे हे जाहीर करायचे, वाइनमध्ये पाणी घालायचे नाही, साखरेच्या वापरावर कर आणि नजर. भेसळ पकडणारे सरकारी खाते कामाला लागले. सप्टेंबरात बागायतदारांचा महासंघ उभा राहिला आणि फेरूल त्याचे अध्यक्ष झाले. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा आंबवलेला रस, दुसरे काही नाही, ही व्याख्या कायद्याच्या पुस्तकातून बाजारात उतरली ती या लढ्याने.

दुसरे फळ म्हणजे सहकार. बेझियेजवळच्या मारोसां गावच्या लहान शेतकऱ्यांनी १९०१ मध्येच एकत्र येऊन वाइन विकायला सुरुवात केली होती, आणि १९०५ मध्ये सामाईक तळघर बांधले. मोठ्याला स्वतःचा घाणा आणि पिंपे असतात, लहान्याने काय करावे? त्याने द्राक्षे सामाईक तळघरात घालावीत आणि मालाप्रमाणे वाटा घ्यावा. १९०७ नंतर असली तळघरे गावोगाव झाली. प्रवरानगरच्या साखर कारखान्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पहिल्या महायुद्धात लांगदॉकने सैन्याला वाइन पुरवली आणि शिपायाला रोज पावशेर-अर्धा लिटर मिळू लागली, तेव्हा काही काळ बरे दिवस आले. पण 'स्वस्त वाइनचा मुलूख' हा शिक्का बसला तो बसलाच. १९४८ मध्ये फितू या भागाच्या लाल वाइनला नावाचा सरकारी मान मिळाला, कॉर्बिएर आणि मिनर्व्वा यांना तो मिळायला १९८५ उजाडले. दरम्यान फ्रेंच माणसाचे पिणेच कमी झाले. १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर खप होता, आज तो त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे. मार्च १९७६ मध्ये नार्बोनजवळ बागायतदार आणि पोलीस पुन्हा समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि दोन्हीकडचा एकेक माणूस गेला. मग सरकार म्हणू लागले, वेली उपटा, आम्ही पैसे देतो. डोमिशियन पुन्हा आला म्हणायचा, या वेळी हातात पैशांची पिशवी घेऊन!

उपटल्या त्यांत आरामों पुष्कळ गेली, आणि ते वाईट झाले असे कुणी म्हणत नाही. जे राहिले त्यांनी सपाटी सोडून पुन्हा टेकडी धरली. कारिन्यां जातीच्या पन्नास-साठ वर्षांच्या म्हाताऱ्या वेली, ज्या घड थोडे देतात पण रस दाट देतात, त्या राखल्या. त्यांच्या जोडीला ग्रनाश आणि सिरा लावल्या. माझ्या पेल्यात जे करवंद आणि जांभूळ होते, ते या टेकडीचे आणि त्या म्हाताऱ्या वेलींचे. वाइन चांगली झाली ती अशी. आणि स्वस्त राहिली, कारण तिला नाव उशिरा मिळाले आणि बाजाराची आठवण फार लांब असते.

पण स्वस्त ही सगळ्यांनाच स्वस्त नसते. २८ जून २०१९ रोजी या मुलखात पारा ४६ अंशांवर गेला आणि वेलींवरची पाने आणि घड भाजून निघाले. २०२४ मध्ये सरकारने कायमच्या उपटणीसाठी हेक्टरी ४,००० युरो देऊ केले, आणि पुष्कळांनी ते घेतले. ऑगस्ट २०२५ मध्ये कॉर्बिएरच्या टेकड्यांत वणवा पेटला आणि सुमारे १६,००० हेक्टर रान जळाले. तेव्हा तिथले लोक म्हणाले, पूर्वी मधे मधे द्राक्षबागा असत, त्यांपाशी आग अडखळायची. बागा गेल्या, तिथे झाडोरा माजला, आणि आगीला वाट सापडली. शेत राखणारा माणूस नुसते पीक काढत नसतो, हे अशा वेळी कळते.

शिक्षकांना एक सुचवतो. वर्गात फ्रान्सचा नकाशा टांगा, भूमध्य समुद्राच्या काठाने नार्बोन, बेझिये, मॉन्पेलिए ही गावे मुलांना शोधायला सांगा आणि मग १९०७ च्या रविवारांची गोष्ट सांगा. मुलांच्या घरी कांदा असेल, ऊस असेल, कापूस असेल. पिंपात माल आणि घरात पाव नाही म्हणजे काय, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल.

त्या रात्री जेवण झाल्यावर यजमानांनी बाटलीतला तळाचा गाळ पेल्यात न ओतता तसाच ठेवला. सकाळी पाहिले तर त्यांनी बाटली धुऊन इतर बाटल्यांशेजारी उन्हात उपडी घातली होती, आणि ते स्वतः कात्री घेऊन बागेत गेले होते.